वशिंड नसलेली गाय : मराठीतील सचित्र विज्ञानपुस्तकांची कथा

म्हसवडच्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबांची जुनी पुस्तके तीत ठेवलेली असत. त्यांत प्राण्यांची माहिती देणारे एक पुस्तक होते. मुखपृष्ठ गळून पडलेले, पहिली काही पाने वाळवीने खाल्लेली; त्यामुळे ते कोणी लिहिले, कधी छापले, हे कळायला मार्ग नव्हता. मी तिसरीत असताना एका दुपारी ते उघडून बसलो होतो. गायीच्या माहितीशेजारी गायीचे चित्र होते. तिची शिंगे आखूड होती, पाठ पाटासारखी सपाट होती, मागे दाट झाडी आणि लाकडी कुंपण होते. आणि तिला वशिंड नव्हते!

माणदेशातल्या मुलाला गाय म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पांढरीशुभ्र खिलार गाय, मागे वळलेली लांब शिंगे, खांद्यावर उठून दिसणारे वशिंड. सिद्धनाथाच्या यात्रेत आणि बाजारात अशी जनावरे मी डोळे भरून पाहिली होती. म्हणून आजोबांना विचारले, “आबा, ही कुठली गाय?” आबांनी चष्मा लावून चित्र निरखले आणि म्हणाले, “ही पुस्तकातली गाय हाय.”

त्या उत्तराने माझे तेव्हा पूर्ण समाधान झाले. गोठ्यातली गाय वेगळी आणि पुस्तकातली गाय वेगळी, हे मी सहज मान्य करून टाकले. परीक्षेत अर्थातच पुस्तकातली गाय लिहायची असते, हेही पुढे आपोआप कळले. या समजुतीत केवढा धोका आहे, हे मात्र संशोधनाच्या क्षेत्रात आल्यावर ध्यानात आले. विज्ञान म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याची शहानिशा. आणि विज्ञानाचे पुस्तकच जर मुलाला सांगू लागले की तुझ्या डोळ्यांना दिसते ते बाजूला ठेव, तर? म्हणून ती वशिंड नसलेली गाय आपल्याकडे आली कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला. हा शोध आपल्याला छपाईच्या कारखान्यात घेऊन जातो.

मुलांना चित्रांतून जग दाखवावे, ही कल्पना जुनी आहे. योहान आमोस कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ म्हणजे ‘दृश्य जगाचे चित्र’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दीडशे प्रकरणे होती आणि बहुतेक प्रत्येकावर एक चित्र. चित्रातल्या वस्तूंना क्रमांक दिलेले आणि तेच क्रमांक खालच्या मजकुरात. आज आपण फुलाची आकृती काढून भागांना नावे देतो, ती पद्धत मुलांच्या पुस्तकात रुजवण्याचे श्रेय या पुस्तकाला द्यावे लागेल. मुलाने आधी वस्तू पाहावी, ती समोर नसेल तर तिचे चित्र पाहावे आणि मग शब्द शिकावा, हे कोमेनियसचे सूत्र होते. यातले ‘वस्तू समोर नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढच्या काळात नेमका त्यांचाच विसर पडला.

आपल्याकडेही निसर्गाचे चित्र आणि छापील देवनागरी यांची भेट लवकर झाली. मलबारमधील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या सचित्र ग्रंथाचा पहिला खंड १६७८ साली अॅमस्टरडॅमला निघाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत छापले आहे. देवनागरी छपाईच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी तो एक. पण हा ग्रंथ लॅटिनमध्ये होता आणि विद्वानांसाठी होता. मराठी मुलांच्या हाती विज्ञानाचे पुस्तक पडायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

मराठी छपाईच्या बाल्यावस्थेत शिळाप्रेसचा मोठा वाटा आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली छापील पंचांग काढले, ते शिळाप्रेसवर. शिळाछापाचे तत्त्व साधे आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे, मग दगड ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी ठरत नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे छपाईची तेलकट शाई चिकटत नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या गोष्टीवर सारी छपाई! या पद्धतीचा एक फायदा असा, की अक्षर आणि आकृती यांत फरकच उरत नाही. ज्या हाताने अक्षर लिहायचे त्याच हाताने शेजारी तरफेची किंवा कप्पीची आकृती काढता येते.

याच दशकात हरि केशवजी पाठारे यांनी जेन मार्सेट या इंग्रज बाईंची संवादरूपी विज्ञानपुस्तके मराठीत आणली. ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे त्यांचे पुस्तक १८३३ सालचे. याच मार्सेटबाईंच्या रसायनशास्त्रावरील पुस्तकाने पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरेडेला विज्ञानाची गोडी लावली होती. लंडनमधील एका गरीब मुलाला शास्त्रज्ञ बनवणारी लेखणी पंचवीस-तीस वर्षांत मराठीत बोलू लागली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल अशा विषयांवरचे लेख त्यात नकाशे आणि आकृत्यांसह येत. म्हणजे मराठीतले पहिले मासिक हे बरेचसे विज्ञानाचे आणि काही अंशी सचित्रही होते.

पुढे शिशाचे खिळे जुळवून छापण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. अक्षरे सुबक झाली, पुस्तके स्वस्त झाली. पण चित्राची अडचण झाली. खिळ्यांची उंची सुमारे २३ मिलिमीटर असते. चित्र मजकुराशेजारी छापायचे तर त्याचा ठसाही नेमक्या त्याच उंचीचा, तेवढाच टणक आणि हजारो प्रती सोसणारा हवा. इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइक याने अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर तोड काढली होती. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर, धातू कोरण्याच्या हत्याराने, तो पक्ष्या-प्राण्यांची अतिशय बारीक चित्रे कोरत असे. ब्रिटनमधील पक्ष्यांवरील त्याच्या पुस्तकाचे दोन भाग १७९७ आणि १८०४ साली निघाले. पण असा एक ठसा कोरायला कुशल कारागीर हवा, वेळ हवा आणि पैसा हवा. शंभर-दोनशे प्रती खपणाऱ्या मराठी पुस्तकाला हा खर्च कसा परवडणार?

इथे आपली गाय चित्रात येते. १८४० च्या सुमारास विद्युतविलेपनाची युक्ती छपाईत वापरली जाऊ लागली. मूळ लाकडी ठशाचा मेणावर छाप घ्यायचा, त्यावर ग्रॅफाइटची पूड चोळायची म्हणजे तो वीजवाहक होतो. मग तो मोरचुदाच्या द्रावणात ऋणाग्र म्हणून बुडवायचा. त्यावर तांब्याचा पातळ थर बसतो. तो सोडवून मागे शिसे ओतले आणि लाकडावर बसवले, की मूळ ठशाची हुबेहूब नक्कल तयार! दहावीच्या वर्गात आपण तांब्याच्या विलेपनाचा जो प्रयोग दाखवतो, तोच हा. एका ठशाच्या हव्या तेवढ्या नकला निघू लागल्या आणि त्यांचा व्यापार सुरू झाला. लंडनच्या रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीसारख्या संस्था आपल्या चित्रांचे ठसे परदेशांतील मिशनांच्या छापखान्यांना पुरवू लागल्या. वापरून जुने झालेले ठसेही स्वस्तात मिळत. विलायतेत कोरलेली गाय जहाजातून मुंबईला उतरली आणि मराठी मजकुराच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला वशिंड असणार कुठून?

यात कोणाचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. चित्र नसण्यापेक्षा परके चित्र बरे, असा सरळ हिशेब होता. अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांसाठीचे सचित्र मासिक १८७२ साली सुरू झाले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ काढले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला वाहून घेतले. चरित्रे, कविता, निबंध यांच्या जोडीला शास्त्रीय विषय त्यात आवर्जून असे. शिक्षणखात्यात आयुष्य घालवलेल्या ओकांना खेडोपाडीच्या शाळांची अवस्था माहीत होती. मुलांना समजेल असे साधे, लहान वाक्यांचे मराठी त्यांनी विज्ञानासाठी घडवले. चित्राची उणीव शब्दांनी भरून काढावी लागत होती, याचाही त्या भाषेला फायदाच झाला असावा.

चित्राच्या खर्चाचा प्रश्न सुटला तो छायाचित्रणामुळे. १८८० नंतर युरोप-अमेरिकेत हाफटोन पद्धत आली. छायाचित्रातल्या करड्या छटा छापायच्या कशा, हा प्रश्न होता. कारण छपाईत एक तर शाई लागते किंवा लागत नाही, अर्धी शाई अशी काही गोष्ट नसते. त्यावर उपाय म्हणजे चित्र बारीक जाळीतून पाहून त्याचे लहानमोठे ठिपके करायचे. मोठे ठिपके दाट छटा देतात, लहान ठिपके फिकट. डोळा ठिपके वेगळे पाहू शकत नाही, त्याला करडा रंग दिसतो. शिक्षकांनी वर्गात एक भिंग आणि एक वर्तमानपत्र घेऊन हे अवश्य दाखवावे. वर्तमानपत्रात इंचाला साधारण ६० ते ८५ ठिपके असत, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर १२० ते १५०. खरबरीत कागदावर बारीक ठिपके फिसकटतात. म्हणूनच जुन्या पुस्तकांत चित्रांची चकचकीत पाने वेगळी, एकगठ्ठा घातलेली दिसतात. चित्र एकीकडे आणि त्याची माहिती चाळीस पाने पलीकडे, याचे कारण संपादकाच्या आळसात नसून कागदाच्या पृष्ठभागात आहे.

या तंत्रात एका भारतीयाने मोठे काम केले आहे. कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांनी हाफटोनवर स्वतः प्रयोग केले आणि त्यांचे लेख इंग्लंडच्या पेनरोझ वार्षिकात छापून आले. हेच उपेंद्रकिशोर मुलांचे लेखक आणि चित्रकारही होते. नामशेष झालेल्या प्राचीन प्राण्यांवर त्यांनी मुलांसाठी पुस्तक लिहिले आणि १९१३ साली ‘संदेश’ हे मासिक काढले. लेखक, चित्रकार आणि छपाईशास्त्राचा संशोधक हे तिघे एकाच माणसात असल्याने बंगाली मुलांना आपल्या घरचे चित्र लवकर मिळाले. मराठीत ही तीन कामे बहुधा तीन वेगळ्या घरांत राहिली. आपल्याकडे १९०६ साली वा. गो. आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केले आणि १९२८ साली प्राचार्य गो. रा. परांजपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे संपूर्णपणे विज्ञानाला वाहिलेले मासिक काढले. शास्त्रज्ञांनी स्वतः मराठीत लिहावे, हा पायंडा त्याने घातला.

स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९६७ साली ‘बालभारती’ची स्थापना झाल्यावर सचित्र पुस्तक खऱ्या अर्थाने खेड्यात पोचले. नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू झाले. मोठमोठ्या चित्रकारांनी त्यात मुलांसाठी चित्रे काढली आणि विज्ञानाला त्यात कायमची जागा मिळाली. त्याचे जुने अंक अलीकडे संगणकावरही पाहायला मिळतात. याच सुमारास नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला आली. एकच सचित्र पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढण्याची ही कल्पना ऑफसेट छपाईला सोयीची होती. रंगीत चित्रांच्या पट्ट्या त्याच ठेवायच्या, फक्त काळ्या मजकुराची पट्टी भाषेनुसार बदलायची. रंगाचा खर्च सगळ्या भाषांत वाटला जातो आणि पुस्तक खिशाला परवडते.

असाच लाभ सोव्हिएत पुस्तकांनी दिला. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी मॉस्कोत बसून केलेली मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांतून दोन-चार रुपयांना मिळत. माझे पहिले रंगीत विज्ञानपुस्तक अशाच एका प्रदर्शनातले. जाड पुठ्ठा, दाट रंग, शाईचा एक विशिष्ट वास. त्यातली झाडे बर्चची होती आणि अस्वले पांढरी होती. पण ती दूरदेशीची आहेत हे पुस्तक लपवत नव्हते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ आटला.

छपाई सुधारली म्हणजे चित्र खरे झाले असे मात्र नाही. आपल्या भूगोल-विज्ञानाच्या अनेक पुस्तकांत पृथ्वीची कक्षा केळ्यासारखी लांबट काढलेली असते. बाजूने तिरके पाहिल्यासारखे ते चित्र असते, पण मुलांना हे कोणी सांगत नाही. ती पाहून मुले ठामपणे समजतात की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा येतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या आरंभी, आपण घोंगडी पांघरून बसतो तेव्हा! जुलैच्या आरंभी ती सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर असते. आता ही कक्षा प्रमाणात काढायची ठरवू. तिची लांबी १० सेंटिमीटर घेतली, तर रुंदी लांबीपेक्षा फक्त ०.०१४ मिलिमीटरने कमी भरते. केसाच्या जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका हा फरक! म्हणजे कंपासने काढलेले वर्तुळ हीच पृथ्वीच्या कक्षेची उत्तम आकृती. फक्त सूर्य केंद्रापासून जेमतेम ०.८ मिलिमीटर बाजूला दाखवायचा. चंद्राचेही तसेच. पृथ्वी १ सेंटिमीटरची काढली तर चंद्र पाव सेंटिमीटरहून किंचित मोठा आणि ३० सेंटिमीटर अंतरावर हवा. तो पानाबाहेर जातो, म्हणून चित्रकार त्याला जवळ ओढतो. ओढायला हरकत नाही. पण खाली ‘आकृती प्रमाणात नाही’ हे तीन शब्द हवेत, आणि शिक्षकाने ते मोठ्याने वाचायला हवेत.

असे दोष टाळायचे तर काढणाऱ्याने आधी पाहायला हवे. याचे उदाहरण शोधायला मला दूर जावे लागत नाही. म्हसवडच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातले माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचे (१९२७–२००१) गाव. आटपाडीचा हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता आणि संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. माडगूळकर चित्रकला कोणत्या मोठ्या विद्यालयात शिकले नाहीत. तरी जंगलात राहून, पाहून, ते स्वतःच्या पुस्तकांसाठी स्वतः रेखाटने करीत. त्यांची ‘नागझिरा’सारखी पुस्तके मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत; पण आठवी-नववीच्या मुलांपुढे ठेवावीत अशी आहेत. वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा प्राण्यांचे बारकाईने केलेले निरीक्षण हेही साहित्य असते, हे मराठीने मान्य केले. पाण्यासाठी दाहीदिशा फिरणाऱ्या, १८७६ च्या दुष्काळात राजेवाडीच्या तलावाचे काम सुरू झाले तेव्हा पोटासाठी खडी फोडायला गेलेल्या या मुलखाने असा पाहणारा माणूस दिला.

दुसरी वाट अरविंद गुप्ता यांनी दाखवली. १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाशी संबंध आल्यावर त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून आकार बनवायला सुरुवात केली. त्यांचे आगकाड्यांच्या प्रतिकृतींचे पुस्तक १९८७ साली निघाले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले. त्यांच्या पुस्तकांतली रेखाचित्रे साधी, काळी-पांढरी असतात. ती पाहून मुलगा थांबत नाही, उठून सायकलच्या दुकानात जातो. चित्र वस्तूची जागा घेत नाही, वस्तूकडे पाठवते. कोमेनियसला हेच हवे होते.

हे सगळे लिहिताना मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझा विषय कीटकांचा. काही वर्षांपूर्वी मी मुलांसाठी मधमाश्यांवर एक छोटी सचित्र पुस्तिका लिहिली. मजकुरात आग्या, सातेरी, फुलोरी या तिन्हींची नीट माहिती दिली होती. चित्रे संगणकावर झाली, मी मुद्रिते तपासली आणि पुस्तिका छापून आली. तिचे पुडके घेऊन मी म्हसवड भागातल्या एका शाळेत गेलो. सातवीतल्या एका मुलाने मुखपृष्ठावर बोट ठेवून विचारले, “सर, असलं पोळं कुठं असतंय?”

मुखपृष्ठावर फांदीला लोंबकळणारे, घडीघडीचे, घुमटासारखे पिवळे पोळे होते. खाली लहानसे गोल दार. युरोपात पूर्वी गवताच्या पेंढ्या वळून मधमाश्यांसाठी टोपल्या करीत; त्या टोपलीचे ते दूरचे वंशज. आपल्या आग्यामोहोळाचे पोळे एकच असते, उघडे, अर्धचंद्रासारखे, उंच फांदीला किंवा कड्याला लोंबणारे. सातेरी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. फुलोरीचे पोळे झुडपातल्या डहाळीभोवती, तळहाताएवढे. त्या मुलाने मेंढरांमागे फिरताना ही तिन्ही पाहिली होती. कीटकशास्त्रातली पदवी घेऊन मी तेच चित्र चारदा तपासले होते आणि मला काही खटकले नव्हते. ‘पुस्तकातलं पोळं आहे ते,’ असे उत्तर माझ्या अगदी ओठांवर आले होते.

त्याला म्हटले, “चुकलंय. तू पाहिलंयस ते काढून दाखव.” त्याने फळ्यावर काढले. काम करणाऱ्या माश्यांची वरची दाट रांग आणि मधाचा भाग वरच्या कोपऱ्याला जाड असतो, हेही त्याने न विचारता दाखवले. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी चित्रकाराला घेऊन तलावाच्या बाजूच्या एका जुन्या झाडाखाली दोन दिवस बसलो.

शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. आज चित्र फुकट झाले आहे. दीडशे वर्षांपूर्वी विलायती ठसा जहाजाने यायला महिने लागत, आता तो क्षणात येतो, आणि म्हणूनच पूर्वीपेक्षा जास्त संख्येने येतो. पुस्तकातला प्रत्येक प्राणी, फूल, पोळे दाखवल्यावर वर्गाला एक प्रश्न विचारावा : हे आपल्याकडे असेच दिसते का? नसेल तर कुठे वेगळे आहे? मग मुलांना वह्या घेऊन बाहेर पाठवावे. तरवडाचे फूल, हिवराची शेंग, खिलाराचे वशिंड त्यांना काढू द्यावे, आणि चित्राखाली जागा, तारीख व वेळ लिहायला लावावी. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील.